मीटर माणसं मोजत नाही

आमच्या मावशीचं घर नागपूरला हिंगण्याच्या बाजूला आहे. विटांच्या दोन खोल्या, वर टिन, मागे एक पडवी, तिच्यावरही टिनच. घरात आठ माणसं: मावशी, काका, दोन मुलगे, दोन सुना आणि दोन लहान नातवंडं. मोठा मुलगा एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये जातो, धाकटा मोटरसायकलवर सामान पोहोचवतो. दोघांचं मिळून महिन्याला बावीस हजारांच्या आसपास घरात येतात. मी आणि माझी बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहतो. दोघंही नोकरी करतो आणि दोघांचं मिळून एक लाख दहा हजार होतात.

२०२४ च्या मे महिन्याचं लाइटचं बिल घेऊन मावशी माझ्याकडे आली. दरवर्षी उन्हाळ्यात येते, बिल समजून घ्यायला. तिचं बिल २३५ युनिटांचं होतं. माझंही नुकतंच आलं होतं, २२० युनिटांचं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून ती म्हणाली, "तुमच्याकडे तं एसी आहे नं बाबू? मंग आमचं बिल तुमच्याहून जास्त कसं?"

मी तिला टप्पे समजावून सांगितले. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, त्यापुढे चौथा. तिने सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. ते माझ्याकडेही नव्हतं. तेव्हापासून मी हा हिशोब पुन्हापुन्हा करून पाहतो आहे. सवलत ठरवताना घरगुती विजेचे युनिट हे उत्पन्नाचं माप म्हणून वापरणं चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत मावशीसारखी घरं दर महिन्याला मोजतात, असं माझं मत झालं आहे.

आधी तिच्या घरातले युनिट जातात कुठे ते पाहू. तीन पंखे आहेत, जुन्या पद्धतीचे, ७५ वॉटचे. मे महिन्यात ते दिवसाला चौदा तास तरी फिरतात. त्याचे महिन्याला ९४-९५ युनिट. लोखंडी डेझर्ट कूलर, पाण्याची मोटर धरून दोनशे वॉटचा, बारा तास चालला की ७२ युनिट. फ्रिज सेकंडहँड घेतलेला, दारातलं रबर सैल झालेलं. तो रोज दीड युनिट खातो, म्हणजे ४५. टीव्ही, दिवे, मिक्सर आणि चार मोबाइल मिळून २४. बेरीज २३५. चैनीचं एकही यंत्र या यादीत नाही.

माझ्याकडे रात्री सात तास एसी चालतो. तो इन्व्हर्टरचा आणि पाच ताऱ्यांचा आहे, त्यामुळे त्याचे महिन्याला दीडशेच होतात. फ्रिज नवा, त्याचे २१. पंखे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे, तीस वॉटचे, दोन्हींचे मिळून १८. बाकी सगळं ३१. बेरीज २२०. माणशी हिशोब केला तर मावशीच्या घरात एका माणसामागे २९ युनिट पडतात, माझ्या घरात ११०. मीटरला मात्र आम्ही दोघं एकाच टप्प्यातले, जवळपास सारखे ग्राहक दिसतो.

आता रुपये. २०२४-२५ च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या टप्प्यात वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि दुसऱ्या टप्प्यात १० रुपये २९ पैसे, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा. सव्वाशेच्या वर स्थिर आकार, जो कितीही वीज वापरली तरी दर महिन्याला तेवढाच. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी मावशीचं बिल सव्वीसशेच्या पुढे जातं आणि माझं चोवीसशेच्या. तिच्या घरात येणाऱ्या पैशांतले बारा टक्के एका महिन्याच्या विजेला गेले, माझे सव्वादोन टक्के.

टप्प्यांच्या दरामागचा विचार वाईट नाही, हे मी मनापासून म्हणतो. वीज ही गरज आहे, म्हणून गरजेपुरती वीज स्वस्त द्यावी आणि जो जास्त वापरतो तो जास्त देऊ शकतो असं धरून त्याच्याकडून जास्त घ्यावं. पन्नास वर्षांपूर्वीच्या घरांना हे गृहीतक चपखल बसत असेल. तेव्हा ज्याच्या घरात फ्रिज तो पैसेवाला, असा सरळ हिशोब होता. आजही लाखो घरांची सरासरी काढली तर उत्पन्न वाढतं तसा वीजवापर वाढतो, यात शंका नाही. पण सरासरी राज्याची निघते आणि बिल एकेका दाराशी येतं.

शिवाय उत्पन्नाबरोबर वीज वाढते ती उतारावरून पाणी वाहावं तशी सलग वाढत नाही. ती पायऱ्यांनी वाढते. घरात पहिल्यांदा वीज येते तेव्हा दिवा, पंखा आणि मोबाइलचा चार्जर. मग टीव्ही, मग मिक्सर. नंतर कधीतरी लग्नाच्या निमित्ताने किंवा दिवाळीच्या बोनसवर फ्रिज येतो, आणि त्या महिन्यापासून बिल कायमचं वर सरकतं, कारण फ्रिज बंद करायची वस्तू नाही. मग कूलर, वॉशिंग मशीन, गिझर. शेवटी एसी, आणि त्याची उडी सगळ्यात मोठी. दोन पायऱ्यांच्या मधे पगार दोन-तीन हजारांनी वाढला तरी युनिट जागचे हलत नाहीत, वाढलेला पैसा शाळेच्या फीला नाहीतर किराण्याला जातो.

आणि या जिन्याच्या वरच्या टोकाला गेलं की युनिट पुन्हा खाली येऊ लागतात. ज्याच्या हातात पैसा आहे तो तारे बघून यंत्रं घेतो. त्याचं छत स्लॅबचं असतं, भिंती जाड असतात, खिडकीबाहेर झाडं असतात. त्याहून पुढे गेला तर तो गच्चीवर सोलर बसवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. योजना चांगली आहे. एक किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॉटवाल्याचं महिन्याचं बिल जवळजवळ पुसलं जातं. पण त्यासाठी स्वतःचं, वजन पेलणारं छत हवं, मीटर आपल्या नावाचं हवं आणि अनुदान येईपर्यंत खिशातून भरायला किंवा कर्जाचा हप्ता फेडायला पैसे हवेत. मावशीच्या टिनावर पावसाळ्याआधी माणूस चढतो तोही पाय जपून ठेवतो. दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने नंतर वेगळी, जास्त अनुदानाची सौर योजना आणली, ते पाऊल योग्य दिशेचं आहे. तीही छताला आणि मीटरलाच बांधलेली आहे.

सोलर बसवणारे मुख्यतः तेच, जे वरच्या टप्प्यांत जास्त दर भरत होते. त्यांच्या जादा दरातून खालच्या टप्प्याची सवलत काही अंशी निघत होती. ते बाहेर पडले की तारा, खांब आणि रोहित्रांचा खर्च उरलेल्यांवर येतो. हा भार कुणाच्या डोक्यावर जाईल याचा विचार आत्ताच झाला नाही तर तो आपोआप २०० ते ३०० युनिटांच्या त्या मधल्या घरांवर येऊन पडेल, जिथे माणसं जास्त आणि सोलर नाही.

आता एका चुलीवर राहण्याबद्दल. मावशीच्या दोन मुलांनी उद्या वेगळे संसार मांडले, पडवीत भिंत घातली आणि दोन मीटर घेतले, तर तेच २३५ युनिट दोन मीटरांवर वाटले जातील. प्रत्येकी ११७-११८. प्रत्येक मीटरला पहिले शंभर युनिट स्वस्त. स्थिर आकार दोनदा द्यावा लागेल, तो धरूनही दोन्ही बिलं मिळून एकवीसशेच्या आसपास येतील. म्हणजे त्याच विजेसाठी एकत्र राहणाऱ्या घराला उन्हाळ्यातल्या एका महिन्यात पाचशे रुपये जास्त पडतात. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिने बिल घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "पाचशासाठी पोरं वेगळी करू का?" तिच्या घरात वेगळं होणं ही बोलायची गोष्ट नाही. आपल्याकडे एकत्र राहणारी कुटुंबं बहुतेकदा हौसेने एकत्र नसतात, दुसरी खोली परवडत नाही म्हणूनही असतात. दरपत्रक त्यांना सधन समजतं.

उलट बाजूला बंद घरं पाहा. पुण्यात, नागपुरात गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि कुलूप लावलेले किती फ्लॅट आहेत ते कुठल्याही मोठ्या सोसायटीत रात्री आठ वाजता खाली उभं राहून वर पाहिलं की कळतं. लोणावळ्याचे बंगले वर्षातले काही शनिवार-रविवार उघडतात. या घरांचा महिन्याचा वापर दहा, वीस, चाळीस युनिट. मीटरच्या भाषेत हे सगळे गरजू, पहिल्या टप्प्यातले ग्राहक. दुसरं घर असणं ही संपत्तीची याहून स्पष्ट खूण कुठली? तरी सवलतीचा दर त्या घराला मिळतो.

किरायाच्या खोल्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्याबद्दल माझं मत हिशोब मांडल्यावर बदललं. विद्यार्थ्यांच्या, मजुरांच्या वस्तीत घरमालक एका मीटरवर चार खोल्या चालवतो, प्रत्येक खोलीला सबमीटर लावतो आणि युनिटला बारा रुपये घेतो. मला हा सरळ लुटीचा प्रकार वाटायचा. शिकत असताना मी स्वतः अशा खोलीत तीन वर्षं काढली, आणि महिनाअखेरीला मालकाचा मुलगा वही घेऊन दारात आला की माझ्या पोटात गोळा यायचा. मनात त्या माणसाबद्दल राग होता.

मग परवा कागदावर मांडलं. चार खोल्या, प्रत्येकी ६० युनिट, एका मीटरवर २४०. त्याच २०२४-२५ च्या दराने मालकाला सत्तावीसशेच्या जवळपास बिल येतं, म्हणजे युनिटला सव्वाअकरा रुपये. बारा घेतले तर त्याला फारसं काही उरत नाही. पण त्याच ६० युनिटांच्या खोलीला स्वतःचं मीटर असतं तर तिला साडेपाचशेच्या थोडं वर बिल आलं असतं. बाराच्या दराने ती ७२० भरते. महिन्याचे हे दीड-दोनशे रुपये बहुतांशी मालकाच्या खिशात जात नाहीत, टप्प्यांच्या रचनेत जातात. चार गरीब माणसांचा वापर एका मीटरवर गोळा झाला की यंत्रणेला तिथे एक श्रीमंत दिसतो. सरकारने सवलत कितीही वाढवली तरी ती या खोल्यांच्या दारापर्यंत येत नाही.

आणि जे खरंच अगदी थोडी वीज वापरतात त्यांचं काय? महिन्याला ४० युनिट वापरणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या बाईचं बिल काढा. वीज आणि वहन मिळून २३५ रुपये, स्थिर आकार १२८, वर १६ टक्के. बिल चारशे वीसच्या आसपास. म्हणजे एक युनिट साडेदहा रुपयांना पडलं. शंभर युनिट वापरणाऱ्याला तेच युनिट सव्वाआठ रुपयांना पडतं. पहिल्या टप्प्यात सगळ्यात कमी वापरणारीला सगळ्यात महाग. स्थिर आकाराचं कारण मला समजतं, तारा ओढायचा खर्च वापर कमी म्हणून कमी होत नाही. पण मग पहिला टप्पा गरिबांना स्वस्त आहे हे वाक्य तरी जपून म्हणायला हवं.

दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी वेगळा, खरोखर स्वस्त दर आहे. त्याची अट वर्षाला ३६० युनिटांच्या आत राहण्याची, म्हणजे महिन्याला सरासरी ३०. एक जुना पंखा दहा तास चालवला तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात. उरलेल्या साडेसातांत दिवे आणि मोबाइल. टीव्हीसुद्धा त्यात धड बसत नाही, फ्रिज तर नाहीच. विदर्भातल्या उन्हाळ्यात या रेषेच्या आत राहायचं तर पंखासुद्धा मोजून लावावा लागतो.

इथे मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट येते. तो शंभरचा टप्पा चंद्रपूरला आहे आणि महाबळेश्वरलाही आहे. मे महिन्यातला आणि डिसेंबरमधलाही एकच. चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, महाबळेश्वरला त्याच महिन्यात रात्री पांघरूण लागतं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, राज्याला उजेड देणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी ते एक. कोळसा तिथे जळतो, राख तिथे साठते, आणि तिथल्या टिनाच्या घरातली बाई दुपारी कूलर लावताना मीटरकडे बघते. उष्ण जिल्ह्यात उन्हाळ्याचे तीन-चार महिने पहिला टप्पा मोठा ठेवला तर त्यात कुणावर अन्याय होईल असं मला वाटत नाही. थंड हवेच्या गावी राहणाऱ्याची ती गरजच नाही.

टिनाबद्दल थोडं सांगतो, कारण स्लॅबखाली राहणाऱ्यांना ते कळणं अवघड आहे. दुपारी दोनला मावशीच्या खोलीत हात वर केला तर छताची धग तळहाताला लागते. पंखा वरची गरम हवाच खाली ढकलतो. कूलर खिडकीत आहे, पण भिंती आणि छप्पर दोन्ही तापलेली असल्याने तो रात्री अकरापर्यंत चालवावा लागतो. तीच माणसं स्लॅबच्या घरात असती तर तोच कूलर सहा-सात तासांत भागला असता. घर जितकं हलकं तितकी वीज जास्त, म्हणजे गरिबीच युनिट वाढवते. घरातले पुरुष कामाला गेले की दोन्ही सुना आणि मावशी कूलर बंद करतात. मुलं शाळेतून आली की पुन्हा सुरू. दुपारचे ते तीन तास त्या बायका कशा काढतात हे कुठल्याही दरपत्रकात दिसत नाही, दिसते ती युनिटांची बचत.

मग करायचं काय? मोफत युनिट, हे उत्तर आज सगळ्यात लोकप्रिय आहे. दिल्लीने ऑगस्ट २०१९ पासून दोनशे युनिटांपर्यंत शून्य बिल केलं. कर्नाटकाने २०२३ मध्ये गृहज्योती आणली. आपल्याकडेही २०२० मध्ये शंभर युनिट मोफत देण्याची चर्चा सरकारी पातळीवर झाली होती, ती पुढे सरकली नाही. मी मोफत विजेच्या सरसकट विरोधात नाही. उन्हाळ्यात पंखा आणि कूलर ही जगण्याची सोय आहे, तिला रेवडी म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण मीटरला मोफत दिलेली वीज कुलूप लावलेल्या फ्लॅटला मिळते, माझ्यासारख्या दोघांच्या घराला हिवाळ्यात मिळते, आणि आठ माणसांचं घर २३५ वर असल्यामुळे तिच्या बाहेर राहतं. चार खोल्यांच्या किरायेदारांना तर तिचा वाराही लागत नाही.

धान्याच्या बाबतीत आपण हे कधीच शिकलो आहोत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं. आठ माणसांच्या घराला चाळीस, दोघांच्या घराला दहा. शिधापत्रिकेवर नावं असतात, ती मोजली जातात. कुणी म्हणत नाही की हे घर महिन्याला चाळीस किलो खातं, म्हणजे श्रीमंत असणार. विजेत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. पहिल्या टप्प्याची मर्यादा घरातल्या माणसांवर ठरवावी, किमान शंभर ठेवून चारहून जास्त माणसं असतील तर दर माणसामागे पंचवीस-तीस युनिट वाढवावी, असं माझं म्हणणं आहे. मावशीच्या घराला दोनशे ते दोनशे वीस युनिट पहिल्या दराने मिळतील. त्याची भरपाई बंद घरं आणि एकाच नावावरची दुसरी-तिसरी घरगुती जोडणी यांना पहिल्या टप्प्यातून बाहेर काढून काही प्रमाणात होईल. उरलेलं राज्य सरकारने द्यावं. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम आधी वीज कंपनीला द्यावी लागते, म्हणजे वाट कायद्यात आखलेली आहे.

यावर आक्षेप येईल की लोक खोटी नावं घालतील. घालतील काही. शिधापत्रिकांतही घोळ आहेत, नावं तुटतात, सुनेचं नाव माहेरच्या पत्रिकेवरून निघत नाही, मुलाचं चढत नाही. हे मी नाकारत नाही. पण आजची पद्धत एकाही खोट्या नावाशिवाय दर महिन्याला चुकीच्या घराला सवलत देते. दोन्हींत मला नावं मोजणारी चूक कमी वाटते, कारण ती तक्रार करून दुरुस्त करता येते. मीटरकडे तक्रार कुठे करणार?

किरायेदारांच्या बाबतीत तर नव्या मोफत योजनेआधी एक साधं काम आहे, ते म्हणजे खोलीला वेगळं मीटर मिळणं सोपं करणं. भाडेकराराची प्रत आणि मालकाचं ना-हरकत पत्र यांच्या मागे धावताना मजुराचे तीन दिवस बुडतात, आणि मालक पत्र देतच नाही, कारण मीटर नावावर झालं की खोलीवर हक्क सांगेल अशी त्याला भीती असते. मीटरची पावती हा ताब्याचा पुरावा धरला जाणार नाही अशी स्पष्ट तरतूद केली तर ही भीती बरीच कमी होईल. आणि जिथे वेगळं मीटर शक्यच नाही तिथे एका मीटरमागच्या खोल्यांची संख्या नोंदवून टप्पा तितक्या पटीने वाढवता येईल.

पण दराहून जास्त फरक पडेल तो यंत्रांमुळे, आणि हे मी स्वतःच्या घरावरून सांगतो. मावशीच्या तीन पंख्यांच्या जागी तीस वॉटचे पंखे बसवले तर मे महिन्यात ५६-५७ युनिट वाचतात. ते सगळे दुसऱ्या टप्प्यातले, वीज शुल्क धरून युनिटला तेरा रुपयांच्या वर, म्हणजे महिन्याला सातशे पन्नास रुपये. पंख्याची किंमत अडीच-तीन हजार. एका घराला तीनेक उन्हाळ्यांत पैसे परत. मग ती बदलत का नाही? कारण तिच्या हातात एका वेळी आठ-नऊ हजार कधीच नसतात, आणि साधा पंखा कोपऱ्यावरच्या दुकानात तेराशे-चौदाशेला मिळतो. माझ्याकडे ते पैसे होते म्हणून माझं बिल कमी आहे. मी काही तिच्याहून जास्त काटकसरी नाही.

हे करता येतं याचा दाखला आपल्याकडे आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एलईडी दिवे घाऊक विकत घेतले, तेव्हा तीनशेच्या घरात असलेली खरेदीची किंमत दोन-तीन वर्षांत पन्नासच्या खाली आली. आज मावशीच्या घरात एकही पिवळा बल्ब नाही. पंख्यांसाठी, आणि त्याहून जास्त फ्रिजसाठी, तसंच करायला काय हरकत आहे? जुना पंखा द्या, नवा घ्या, हप्ता बिलात लावा, हप्ता वाचलेल्या युनिटांहून कमी ठेवा. शिवाय टिनावर पांढरा, ऊन परतवणारा रंग. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण केलं. आपल्या राज्यात विदर्भ आणि मराठवाडा असताना ते आपण त्यांच्या आधी करायला हवं होतं.

कुणाच्या घरात नेमकं काय चालतं हे मोजणंही अवघड राहिलेलं नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने घरांमध्ये मोजणी यंत्रं बसवून असा अभ्यास केला आहे. नियामक आयोगाने दर ठरवताना युनिटांच्या बेरजेबरोबर घरातली माणसं, छत आणि यंत्रं यांचीही नमुना पाहणी मागवावी. दरवाढीच्या जनसुनावणीत उद्योगांचे वकील आकडे घेऊन येतात. आठ माणसांच्या घराचे आकडे घेऊन येणारं तिथे फार क्वचित कुणी असतं.

मावशी या वर्षीही बिल घेऊन आली. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे खांब छापलेले असतात, ते ती आता स्वतः वाचते. एप्रिलचा खांब उंच होता आणि मेचा बराच खाली आलेला. मला वाटलं, पंखे बदलले असतील. म्हणाली, कूलरची मोटर एक तारखेलाच जळाली, आणि धाकट्याचा हात दुखावल्यामुळे त्या महिन्यात दुरुस्तीला पैसे निघाले नाहीत. नातवंडांना ती रोज जेवण झालं की समोरच्या मारुतीच्या देवळात नेऊन फरशीवर झोपवायची, ऊन कलल्यावर घरी आणायची.